वाट पाहणाऱ्यांचा कालक्षेप : असंगत नाटकांतील पात्रे वेळ कसा काढतात?

तिसरी घंटा :

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाचनगटाने सॅम्युअल बेकेट यांच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ या असंगत (ॲब्सर्ड) नाटकाच्या दुसऱ्या अंकातला हॅटचा प्रसंग प्रत्यक्ष करून पाहिला. प्रयोग लावण्याचा बेत नव्हता. नुसता वाचून तो कोणाच्याच डोळ्यांपुढे उभा राहीना, एवढेच कारण होते. व्लादिमिर आणि एस्ट्रॅगॉन हे दोघे नाटकभर गोदो नावाच्या कोणाची तरी वाट पाहत असतात. वाटेवरून गेलेल्या पोझोचा नोकर लकी, त्याची मागे राहिलेली हॅट व्लादिमिरला सापडते. तो ती डोक्यावर चढवतो आणि स्वतःची एस्ट्रॅगॉनच्या हाती देतो. एस्ट्रॅगॉन ती घालतो आणि आपली व्लादिमिरला देतो, आणि दोन डोकी, चार हात व तीन हॅट यांचे चक्र सुरू होते. आम्हाला बोलर हॅट मिळाल्या नाहीत, म्हणून क्रिकेटचे पंच घालतात तशा तीन पांढऱ्या हॅट आणल्या. त्या इतक्या सारख्या निघाल्या की तीन-चार देवघेवींनंतर कोणती कोणाची हे सांगता येईना, म्हणून एका मैत्रिणीने तिन्हींच्या आतल्या पट्टीला लाल, निळा आणि पिवळा दोरा टाचून दिला. शेवटी लकीची हॅट व्लादिमिरच्या डोक्यावर राहते, एस्ट्रॅगॉनला स्वतःची परत मिळते आणि व्लादिमिरची जुनी हॅट जमिनीवर फेकली जाते. या देवघेवीत एकही संवाद नाही. कोणी काय उचलावे, काय द्यावे, हे सगळे रंगसूचनेत लिहिलेले आहे. आम्ही दोन तास तेवढेच करत होतो.

त्या दोन तासांत कोणीही घड्याळाकडे पाहिले नाही. घरी परतताना माझ्या लक्षात आले की नाटकातल्या दोघांना नेमके हेच हवे असते. मी आजवर अशा जागांना विनोदाची पेरणी समजत आले होते. आता मला वाटते की गोदो येईपर्यंतचा वेळ मागे टाकणे हेच या दोघांचे काम आहे आणि ते काम ते मन लावून करतात. ५ जानेवारी १९५३ रोजी पॅरिसच्या बाबिलोन नाट्यगृहात या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, आणि तीन वर्षांनी व्हिव्हियन मर्सिये या समीक्षकांनी लिहिले की या नाटकात काहीच घडत नाही, आणि तेही दोनदा. हे वाक्य इतक्या वेळा उद्धृत झाले आहे की आपण नाटक त्याच्याच चष्म्यातून पाहू लागलो आहोत. मला ते पटत नाही. गोदो येत नाही, हे खरे. परंतु तो येईपर्यंत बूट काढण्याची झटापट होते, दोन चोरांपैकी एकच का तरला याची चर्चा होते, झाडाला फास लावून घ्यावा का याचा विचार होतो, शिव्यांची देवाणघेवाण होते आणि लगेच समेटही होतो. या सगळ्याला ‘काहीच नाही’ म्हणावे, असे मला वाटत नाही.

माझे मुख्य म्हणणे असे आहे की या पात्रांजवळ कालक्षेपाची एक शिदोरी असते आणि नाटकातला काळ आपल्याला कळतो तो त्या शिदोरीच्या झिजण्यातून. पहिल्या अंकात एस्ट्रॅगॉनला भूक लागते, तेव्हा व्लादिमिर खिसे चाचपतो, चुकून आधी सलगम देतो आणि मग गाजर काढून देतो. ते शेवटचे आहे, पुरवून खा, असेही सांगतो. दुसऱ्या अंकात खिशात गाजर उरलेले नाही, फक्त सलगम आणि मुळा आहेत. मुळा निघतो तो काळा आणि एस्ट्रॅगॉनला आवडतो तो गुलाबी, म्हणून तो मुळा परत करतो आणि गाजर आणायला जातो असे म्हणतो, पण जागचा हलत नाही. एका रात्रीत पानाफुलाविना असलेल्या झाडाला चार-पाच पाने फुटली आहेत आणि खिशातले गाजर मात्र संपले आहे. किती दिवस गेले याचे उत्तर नाटकात कोणीही देत नाही, पण या दोन गोष्टींवरून ते अंगाला जाणवते.

ही शिदोरी पुरवून वापरण्याची कला सर्वांत बारकाईने दिसते ती बेकेट यांच्याच ‘हॅपी डेज’मध्ये. १९६१ साली न्यूयॉर्कमध्ये प्रथम सादर झालेल्या या नाटकात विनी कमरेपर्यंत मातीच्या ढिगाऱ्यात गाडलेली आहे. घंटा वाजली की उठायचे आणि पुन्हा वाजेपर्यंत झोपायचे नाही, असा तिचा दिवस आहे. तिच्याजवळ एक मोठी काळी पिशवी आहे. तिच्यातून दात घासण्याचा ब्रश, पेस्ट, आरसा, चष्मा, औषधाची बाटली, लिपस्टिक आणि एक पिस्तूलसुद्धा निघते. ब्रशच्या दांड्यावरची पुसट अक्षरे वाचण्यात ती कितीतरी वेळ घालवते. चष्मा पुसते, ब्रश पुसते, एकेक शब्द लावत जाते आणि ते वाक्य अखेर पूर्ण लागते तेव्हा दिवस सार्थकी लागल्याचा आनंद तिला होतो. ब्रशचे केस ज्या ‘हॉग’चे म्हणून लिहिले आहे तो प्राणी नेमका कोणता, हा पुढचा प्रश्नही ती जपून ठेवते. मात्र पिशवीत फार हात घालायचा नाही, बोलण्याचा साठा संपवायचा नाही आणि गाणे वेळेआधी म्हणायचे नाही, हे तिने स्वतःला बजावलेले आहे, कारण गाऊन झाल्यानंतरही दिवस उरला तर काय करायचे, या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नाही. दुसऱ्या अंकात ती गळ्यापर्यंत गाडली गेली आहे. पिशवी समोरच आहे, पण तिच्यापर्यंत नेण्यासाठी हात उरलेले नाहीत.

हॅरॉल्ड पिंटर यांच्या ‘द डम्ब वेटर’चा उल्लेख केल्यावाचून मला थांबवत नाही. बर्मिंगहॅममधल्या एका तळघरात बेन आणि गस हे दोन भाडोत्री मारेकरी हुकुमाची वाट पाहत बसले आहेत. सुरुवातीला बेन वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवतो : सत्त्याऐंशी वर्षांचा एक म्हातारा रस्ता ओलांडण्यासाठी उभ्या लॉरीखाली रांगत शिरला आणि लॉरी सुरू झाली. गस दचकतो, प्रश्न विचारतो, दोघे हळहळतात. शेवटाकडे बेन तेच वर्तमानपत्र पुन्हा उचलतो, तसाच उद्गारतो आणि गस तसाच प्रतिसाद देतो. पण या वेळी बातमी काय आहे हे कोणीच सांगत नाही. कालक्षेपातला मजकूर संपला आहे, फक्त त्याची चाल उरली आहे. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

या नाटकांतल्या कालक्षेपाच्या कोणत्या जागा आपल्याला भिडल्या आणि त्या तुम्ही कशा वाचता, हे या धाग्यावरच्या प्रतिसादांतून जाणून घ्यायचे आहे.

विंगेतून :

लेख फार आवडला, तरीही शिदोरीच्या कल्पनेला माझी एक हरकत आहे. शिदोरी झिजत जाते असे मानले, तर ‘गोदो’चा दुसरा अंक पहिल्यापेक्षा रिकामा असायला हवा होता. प्रत्यक्षात तोच अधिक गजबजलेला आहे. हॅटचा खेळ दुसऱ्या अंकात आहे. ठरवून केलेले भांडण आणि त्यानंतरची गळाभेट दुसऱ्या अंकात आहे. पोझो आणि लकी यांची सोंगे घेणे, कवायत करणे, एका पायावर तोल सांभाळत झाडासारखे उभे राहणे, हे सारे तिथलेच. पहिल्या अंकात त्यांना असे खेळ मुद्दाम रचावे लागत नाहीत, कारण पोझो आणि लकी येऊन त्यांचा निम्मा वेळ खाऊन जातात. पोझोची कोंबडी, त्याची पाइप, त्याचे हरवलेले घड्याळ, लकीचे नृत्य आणि मग ते लांबलचक, विराम नसलेले भाषण, एवढा मोठा कार्यक्रम त्यांना आयता मिळतो. पाहुणे निघून गेल्यावर व्लादिमिर म्हणतो की चला, तेवढाच वेळ गेला. एस्ट्रॅगॉन उत्तरतो की तो तसाही गेलाच असता. आणि व्लादिमिर कबूल करतो, पण इतक्या लवकर गेला नसता असे म्हणतो. म्हणून मला वाटते की प्रश्न साठा संपण्याचा नसून तो कोण पुरवतो याचा आहे.

तिसरी घंटा :

आपली हरकत मला पूर्णपणे मान्य आहे आणि तिच्यामुळे माझे म्हणणे सुधारावे लागेल. बाहेरून मिळणारा शिधा आटत जातो आणि जितका तो आटतो, तितके आतून रचण्याचे कष्ट वाढतात, असे आता मी म्हणेन. दुसऱ्या अंकात पोझो पुन्हा येतो, पण आंधळा होऊन. लकी मुका झाला आहे. दोघेही कोसळतात आणि जमिनीवरून उठू शकत नाहीत. करमणूक करणारे पाहुणे आता स्वतःच मदतीची याचना करत आहेत. भांडणाच्या जागेबद्दल एक नोंद करावीशी वाटते. मूळ फ्रेंच संहितेत तिथे केवळ शिव्यांची देवाणघेवाण होते अशी रंगसूचना आहे. इंग्रजीत उतरवताना बेकेट यांनी एकेक शिवी लिहून काढली आणि शेवटच्या घावासाठी ‘क्रिटिक’ हा शब्द राखून ठेवला. तो ऐकताच व्लादिमिर खचतो आणि तोंड फिरवतो. पुढच्या क्षणी दोघे समेट करतात, कारण भांडण संपले तरी समेटाचा वेळ अजून शिल्लक असतो.

माजघर :

दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला व्लादिमिर जे कुत्र्याचे गाणे म्हणतो, त्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. कुत्रा स्वयंपाकघरात शिरतो, पावाचा तुकडा चोरतो, आचारी त्याला पळीने मारून टाकतो, बाकीचे कुत्रे जमून त्याचे थडगे खणतात आणि थडग्यावर लिहितात की कुत्रा स्वयंपाकघरात शिरला आणि पुन्हा तेच. हे वाचल्याबरोबर मला आमची आजी आठवली. लाइट गेले की ती आम्हा भावंडांना विचारायची, “कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?” आम्ही ‘हो’ म्हटले की ती म्हणायची, “हो काय म्हणता? कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?” लाइट येईपर्यंत हे चाले आणि आम्ही चिडत चिडत त्यात रमत असू.

परंतु दोहोंत एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. कापूसकोंड्याची गोष्ट कधी सुरूच होत नाही, म्हणून तिच्यात कोणी मरत नाही. व्लादिमिरच्या गाण्यात मात्र प्रत्येक फेरीला कुत्रा मारला जातो. थडग्याच्या ओळीपाशी आला की तो थांबतो, विचारात पडतो आणि मग पुढे म्हणतो. वेळ जाण्यासाठी म्हटलेल्या गाण्यानेच त्याला मध्ये अडवले आहे. गाणारा नट ही थांबण्याची जागा घाईने उरकतो, तेव्हा मला फार वाईट वाटते.

मधली सुट्टी :

मी नाट्यशास्त्राची अभ्यासक नाही, परंतु विनीविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. तीन वर्षांपूर्वी बाबा अतिदक्षता विभागात होते आणि आई व मी बाहेरच्या बाकावर एकोणीस दिवस काढले. आत सकाळी दहा मिनिटे आणि संध्याकाळी दहा मिनिटे सोडत. आईच्या पिशवीत एक स्टीलचा डबा, जपमाळ, चष्मा, जुन्या पुरवण्यांतून कापलेली शब्दकोडी आणि पेन्सिल असे. पहिल्या दिवशी तिने तीन कोडी सोडवली. दुसऱ्या दिवसापासून तिने नियम केला की चार वाजेपर्यंत कोड्याला हात लावायचा नाही आणि दिवसाला एकच सोडवायचे. एकदा मी पावणेचारला कागद पुढे केला, तर तिने तो घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवला आणि म्हणाली, “आत्ताच संपवलंस तर पाचला काय करशील?”

‘हॅपी डेज’ मी त्यानंतर वर्षभराने वाचले. गाणे वेळेआधी म्हणायचे नाही, ही विनीची शिस्त वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. विनीला पुष्कळ जण भ्रमात जगणारी बाई समजतात. मला ती तशी वाटत नाही. आपल्याजवळ किती आहे आणि दिवस किती मोठा आहे, याचा हिशेब तिला पक्का ठाऊक आहे.

तिसरी घंटा :

मधली सुट्टी, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. तुमच्या आईंचे ते एक वाक्य माझ्या सगळ्या विवेचनापेक्षा नेमके आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा.

शेवटची रांग :

ऐकणाऱ्याचा मुद्दा अजून आलेला नाही. या नाटकांत एकट्याला वेळ काढता येत नाही. कोणीतरी चेंडू परत टोलवावा लागतो, आणि व्लादिमिर एस्ट्रॅगॉनला अगदी याच शब्दांत तशी विनवणी करतो. बेकेट यांच्या ‘एंडगेम’मध्ये आंधळ्या हॅमला रोज आपली गोष्ट पुढे सांगायची असते. त्याची सेवा करणाऱ्या क्लोव्हला ती ऐकायची नसते, म्हणून हॅम कचऱ्याच्या पिंपात राहणाऱ्या आपल्या बापाला उठवायला लावतो आणि गोष्ट ऐकण्याच्या बदल्यात त्याला खाऊची गोड गोळी देण्याचे कबूल करतो. गोष्ट सांगून होते आणि बापाने गोळी मागितली की कळते, गोळ्या संपलेल्या आहेत. आयोनेस्को यांच्या ‘द चेअर्स’मधले पंचाण्णव आणि चौऱ्याण्णव वर्षांचे जोडपे या बाबतीत अधिक सुखी म्हणावे लागेल. पाहुणे येण्यापूर्वी म्हातारी नवऱ्याला फेब्रुवारी महिन्याची नक्कल करून दाखवायला सांगते आणि एकच गोष्ट पंचाहत्तर वर्षे दररोज संध्याकाळी ऐकूनही ती पुन्हा मागते. ही माया आहे, असे माझे मत आहे.

आणखी एक. ऐकणाऱ्यांत आपण प्रेक्षकही येतो. १९ नोव्हेंबर १९५७ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात ‘गोदो’चा प्रयोग झाला, तेव्हा समोर सुमारे चौदाशे कैदी होते. ज्या नाटकाने जाणत्या प्रेक्षकांना कोड्यात टाकले होते, ते या कैद्यांनी शांतपणे आणि सहज समजून घेतले. शिक्षेचे दिवस मोजणाऱ्याला बूट काढण्यात तासभर घालवणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. ऑगस्ट १९९३ मध्ये बोस्नियाच्या युद्धात वेढा पडलेल्या सारायेव्होत अमेरिकन लेखिका सुझन सॉन्टॅग यांनी हेच नाटक मेणबत्त्यांच्या उजेडात केले आणि व्लादिमिर-एस्ट्रॅगॉनच्या तीन जोड्या मंचावर आणल्या. त्यांनी पहिलाच अंक केला. गोदो दुसऱ्यांदाही येत नाही, हे त्या शहराला पाहायला लावणे त्यांना नको वाटले.

विंगेतून :

बेकेट यांनी स्वतःही वाट पाहिली होती, हे इथे सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसमधला त्यांचा नाझीविरोधी प्रतिकार गट फितुरीने उघडा पडल्यावर ते १९४२ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या रूसियों या खेड्यात लपून राहिले आणि युद्ध सरेपर्यंत शेतावर राबले. संध्याकाळी ते ‘वॉट’ ही कादंबरी लिहीत, मुख्यतः भान टिकून राहावे म्हणून. ‘गोदो’च्या फ्रेंच संहितेत रूसियोंमधल्या द्राक्षतोडणीची आठवण निघते, ती तिथूनच आलेली आहे.

ओटीवरून :

धाग्याच्या शीर्षकातला ‘कालक्षेप’ हा शब्द वाचून आनंद झाला. तंजावरात मराठी कीर्तनाच्या संस्कारातून घडलेल्या तमिळ हरिकथेला कथाकालक्षेपम् म्हणतात. म्हणजे काळ घालवण्याचा सर्वांत चांगला मार्ग कथा सांगणे, असे आपल्याच परंपरेने मानलेले आहे. त्यामुळे सतीश आळेकर यांचे ‘महानिर्वाण’ मला या धाग्यात हवे आहे. १९७४ च्या या नाटकात भाऊराव मरण पावलेले आहेत आणि तरीही ते वाट पाहत आहेत : मुलगा नाना परत येण्याची आणि आपल्याला जुन्याच स्मशानात जाळले जाण्याची. तोवर प्रेत काय करते? कीर्तन करते. पूर्वरंगापासूनचा सगळा थाट त्यात आहे, आणि चाळकऱ्यांनाही त्यात सूर धरावा लागतो. विनीची पिशवी शेवटी तिच्या हाताबाहेर जाते; भाऊरावांजवळ वस्तू नाहीत, पण कीर्तनाचा बांधा आहे आणि तो कितीही ताणता येतो. बेकेट यांच्या पात्रांना जो खेळ दर वेळी नव्याने रचावा लागतो, तो भाऊरावांना परंपरेने तयार दिलेला आहे. हा फरक मला मोठा वाटतो.

तिसरी घंटा :

ओटीवरून, तुम्ही माझ्यापुढे एक नवीनच प्रश्न ठेवला आहे. आयता मिळालेला आकृतिबंध आणि स्वतः रचलेला खेळ, यांपैकी वाट पाहणाऱ्याला अधिक आधार कोणता देतो, यावर मला पुन्हा दोन्ही संहिता समोर ठेवून वाचावे लागेल. सध्या एकच जोडते. १९७५ साली बेकेट यांनी बर्लिनच्या शिलर नाट्यगृहात ‘गोदो’ स्वतः बसवले, तेव्हा त्यांनी प्रयोगात काही ठिकाणे अशी योजली की जिथे सर्व हालचाल थांबते आणि पात्रे चित्रासारखी स्तब्ध राहतात. त्यांना त्यांनी वाट पाहण्याच्या जागा म्हटले होते. म्हणजे खेळ एका बाजूला आणि निखळ वाट पाहणे दुसऱ्या बाजूला, अशी उघड मांडणी त्यांनीच केली. आम्ही हॅटचा प्रसंग न थांबता केला होता. आता तो संपल्यावर, जमिनीवर पडलेल्या हॅटकडे कोणी न पाहता, थोडा वेळ नुसते उभे राहून पाहणार आहोत.

प्रकाशपेटी :

त्या उभे राहण्याविषयी माझा अनुभव लिहितो. महाविद्यालयात असताना आम्ही ‘गोदो’चे मराठीत तीन प्रयोग केले आणि प्रकाशयोजना माझ्याकडे होती. दोन्ही अंकांचा शेवट सारखाच आहे : एक विचारतो, निघायचे का, दुसरा म्हणतो, चल निघू, आणि दोघे हलत नाहीत. पहिल्या अंकात एस्ट्रॅगॉन विचारतो, दुसऱ्यात व्लादिमिर. पहिल्या अंकाअखेर मी मनात दहा आकडे मोजून प्रकाश उतरवीत असे आणि दुसऱ्याअखेर वीस, असे तालमीत ठरले होते. तिसऱ्या प्रयोगाला पहिल्या रांगेत एका नटाच्या आजी बसल्या होत्या. शेवटचे वाक्य झाले, एस्ट्रॅगॉनने विजार वर ओढून धरलेली होती आणि दोघे उभे होते. मी विसापर्यंत आलो, तेव्हा त्या आजी खुर्चीच्या कडेला सरकून, पुढे वाकून, दोघांच्या पायांकडे टक लावून पाहत होत्या. मला बटण खाली ओढता येईना. मी अठ्ठेचाळीसपर्यंत मोजले.